हजेरी न देणारी यंत्रे

एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका संस्थेचा सर्व्हर माझ्या देखरेखीखाली असताना गेला, तेव्हा माझ्या पडद्यावर सगळे हिरवे होते. सॉफ्टवेअरच्या यादीत चाळीस यंत्रे होती आणि चाळिसांपुढेही हिरवा ठिपका होता. रोज सकाळी ती यादी पाहिली की मी निर्धास्त होत असे. गेलेला सर्व्हर त्या यादीत नव्हताच. नेटवर्क लहान होते तेव्हा कुणीतरी शोधाची मर्यादा १ ते १२६ या पत्त्यांपुरती घातली होती. पुढे नेटवर्क वाढले, हा सर्व्हर १४० क्रमांकाच्या पत्त्यावर बसला आणि सॉफ्टवेअरने त्याचे दार कधी वाजवलेच नाही. रेड-५ रचनेत एक हार्ड डिस्क गेली तरी काम चालू राहते. ती पहिली डिस्क केव्हा गेली, कुणास ठाऊक. रॅकच्या खालच्या भागात पिवळा दिवा लुकलुकत राहिला असणार. दुसरी डिस्क गेली ती मार्चअखेरीच्या आठवड्यात, आणि तिच्याबरोबर वर्षाचे हिशेबही गेले.

यादी खोटे बोलली नव्हती. तिला जेवढे विचारले होते तेवढ्याचे तिने खरे उत्तर दिले होते. ‘चाळीस यंत्रांनी हजेरी दिली’ हे तिचे म्हणणे मी मात्र ‘आपल्याकडे चाळीस यंत्रे आहेत आणि ती ठीक आहेत’ असे वाचत आलो होतो. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, तोच या पुस्तकाचा विषय आहे.

सर्व्हर, स्विच, राउटर, स्टोरेज, यूपीएस, प्रिंटर, कॅमेरे यांची देखभाल करणारे कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, त्याचे पहिले काम असते आपल्या नेटवर्कवर काय काय आहे ते शोधून काढण्याचे. याला सगळेजण डिस्कव्हरी म्हणतात. तापमान मोजणे, फर्मवेअर अद्ययावत करणे, डिस्क बिघडली की इशारा देणे ही पुढची सारी कामे या पहिल्या यादीवर उभी असतात. यादीतून सुटलेल्या यंत्राचा पंखा बंद पडला तरी कुणाला निरोप जात नाही. म्हणूनच या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणांत ‘नोन इश्यूज’ नावाचा जो भाग असतो, त्यात डिस्कव्हरीच्या तक्रारी हमखास सापडतात. अमुक मॉडेल ‘अननोन’ दिसते. तमुक सर्व्हर दोनदा दिसतो. उपाय: नोंद काढून टाका आणि डिस्कव्हरी पुन्हा चालवा. ही टिपणे प्रामाणिक असतात, पण त्यांत बहुधा उपाय असतो आणि कारण नसते. कारण कळले नाही तर तोच दोष दुसऱ्या गावी, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसऱ्या नावाने समोर आला की आपण पुन्हा कोरे असतो.

या दोषांचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आरंभी यंत्रांना शोधावे लागतच नव्हते, कारण यादी माणसे ठेवत होती. १९६९ च्या अखेरीस अर्पानेटवर चार ठाणी होती. पुढे त्या जाळ्यावरच्या यंत्रांची नावे आणि पत्ते कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एका फाइलीत लिहिले जाऊ लागले. एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती फाइल सांभाळत असे. नवे यंत्र जोडायचे तर त्यांना कळवायचे, मग ते यादीत येई आणि ती यादी सगळीकडे उतरवून घेतली जाई. यंत्रे वाढली तशी ही पद्धत पुरेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि नावांची ती एकच वही अनेक हातांत वाटली गेली.

त्याच सुमारास यंत्रांची हजेरी यंत्रेच घेऊ लागली. नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ मध्ये एआरपीचा नियम लिहिला: ‘हा पत्ता कुणाचा?’ असा पुकारा सगळ्यांपुढे करायचा आणि ज्याचा असेल त्याने ओ द्यायची. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांनी पिंग लिहिले. पाण्याखाली ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सोनारवरून त्यांनी ते नाव घेतले. आजही आपल्याकडे फोनवरचा पहिला प्रश्न ‘पिंग होतंय का?’ हाच असतो.

पिंग विचारते ‘आहेस का?’ त्यापुढचा प्रश्न ‘कोण आहेस?’ हा १९८८ मध्ये एसएनएमपीने विचारला आणि १९९० मध्ये आरएफसी ११५७ ने तो स्थिर केला. या पद्धतीत प्रत्येक यंत्र आपली ओळख एका लांबलचक क्रमांकाने सांगते. १.३.६.१.४.१ एवढा भाग सर्वांना समान, त्यापुढे उत्पादकाचा अंक आणि पुढे मॉडेल. सिस्कोचा अंक ९ आहे. नव्वदच्या दशकात ह्युलेट-पॅकार्डच्या ओपनव्ह्यूसारख्या सॉफ्टवेअरने या उत्तरांवरून नकाशे काढायला सुरुवात केली. आपण न आखलेला आपल्याच जाळ्याचा नकाशा पडद्यावर आपोआप उमटताना पाहणे हा त्या पिढीसाठी मोठा अनुभव होता. कॉम्पॅकचे इनसाइट मॅनेजर, आयबीएम डायरेक्टर, डेलचे ओपनमॅनेज ही सर्व्हर बनवणाऱ्यांची सॉफ्टवेअर पंखे, डिस्क, वीजपुरवठा यांच्यापर्यंत खोल गेली.

१९९८ मध्ये इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी आयपीएमआय आणले. मुख्य यंत्र बंद असतानाही जागा राहणारा एक छोटा नियंत्रक सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसला. डेलच्या यंत्रांत आपण त्याला आयड्रॅक म्हणतो, एचपीच्या यंत्रांत आयलो. सोय मोठी झाली, पण त्या दिवसापासून एका सर्व्हरला दोन चेहरे आले: एक ऑपरेटिंग सिस्टिमचा, एक नियंत्रकाचा, आणि दोघांचे पत्ते वेगळे. २०१५ मध्ये डीएमटीएफ संस्थेने रेडफिश हे नवे मानक प्रसिद्ध केले आणि नियंत्रकाशी वेबच्या भाषेत बोलता येऊ लागले. त्याआधीच, १९९७ मध्ये, गॉर्डन लायन यांचे एनमॅप हे पत्ते आणि पोर्ट तपासणारे साधन आले होते. २००५ मध्ये शेजारच्या यंत्राला स्वतःची ओळख सांगण्याचा एलएलडीपी हा सर्वांसाठीचा नियम आयईईईने ठरवला. सिस्कोचा स्वतःचा तसा नियम आधीपासून होताच.

या वाटचालीतून शोधाचे पाच पंथ तयार झाले, आणि प्रत्येक पंथाचे दोषही त्याच्या स्वभावातूनच आले.

पहिला पंथ दारोदार फिरतो. दिलेल्या मर्यादेतला प्रत्येक पत्ता वाजवून पाहतो. समजायला सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत जास्त वापरलेला. मर्यादा चुकली की माझ्या सर्व्हरसारखे घर कायमचे राहून जाते. दुसरा पंथ एका ओळखीच्या घरी जाऊन ‘तुमचे शेजारी कोण?’ असे विचारतो. एका राउटरपासून निघून एआरपीचे तक्ते, स्विचचे तक्ते आणि एलएलडीपीची उत्तरे वाचत पुढे सरकतो. नकाशा उत्तम निघतो, पण वाटेतल्या एका स्विचने पासवर्ड नाकारला की त्याच्यापलीकडचा सारा मोहल्ला अंधारात जातो. तिसरा पंथ प्रत्येक यंत्रात आपला माणूस बसवतो. तो एजंट आतली बित्तंबातमी देतो. मात्र ज्या यंत्रात एजंट टाकायचा राहिला त्याची बातमी देणारे कुणीच नसते, आणि स्विच किंवा यूपीएसमध्ये तो बहुधा टाकताच येत नाही. चौथा पंथ कुणाला काही विचारत नाही, जाळ्यावरून जाणारी बोलणी ऐकतो. नाजूक यंत्रे असलेल्या कारखान्यांत हा सर्वांत सुरक्षित, पण अबोल यंत्र त्याला कधीच सापडत नाही. पाचवा पंथ थेट मालकाला विचारतो: आभासी यंत्रे चालवणाऱ्या हायपरव्हायझरला, क्लाउडच्या एपीआयला, वायरलेसच्या कंट्रोलरला. उत्तर पूर्ण आणि तत्काळ मिळते, पण मालकाच्या हद्दीबाहेरचे त्यात काही नसते.

या पाचांच्या समोर आणखी एक विचारसरणी उभी आहे आणि तिचे म्हणणे गंभीरपणे घेण्यासारखे आहे. २०१६ मध्ये डिजिटलओशन कंपनीने सर्वांसाठी खुल्या केलेल्या नेटबॉक्स या नोंदवहीच्या सॉफ्टवेअरमागे ती आहे: काय असायला हवे हे माणसाने ठरवून नोंदवावे, आणि काय सापडले ते त्याच्याशी ताडून पाहावे. सापडलेल्या गोष्टी आपोआप नोंदवहीत ओतल्या तर चुकाही अधिकृत होऊन बसतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सातबाऱ्यावर एक पीक आणि बांधावर गेल्यावर दुसरेच पीक, हा अनुभव त्याच्या घरचा आहे. पीकपाहणी करायची ती सातबारा आणि शेत या दोन्हींकडे बघत. एकाला दुसऱ्याच्या जागी धरले की घोटाळा ठरलेला.

आता दोषांकडे वळू. मी त्यांचे चार गट मानतो: गैरहजेरी, चुकलेली ओळख, दुबार आणि एकवट नोंदी, आणि भुते.

गैरहजेरीत सर्वांत मोठी अडचण ही की मौनाला कारण लिहिलेले नसते. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंग हा पासवर्डसारखा शब्द चुकला तर यंत्र ‘पासवर्ड चुकला’ असे सांगत नाही, ते गप्प बसते. यंत्र बंद आहे, फायरवॉलने निरोप अडवला आहे, उत्तर वाटेत हरवले आहे किंवा शब्द चुकला आहे, या चारही परिस्थिती शोधणाऱ्याला सारख्याच दिसतात. ऑगस्ट २००४ मधल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल मुळातच चालू ठेवली आणि पिंगला उत्तर देणे थांबवले. तेव्हापासून पिंगवर विसंबलेल्या शोधात धडधाकट यंत्रे गैरहजर लागू लागली. एखादे यंत्र पिंगला उत्तर देते, नाव सांगते, पण सविस्तर माहिती विचारली की गप्प होते. अशा वेळी अनेकदा उत्तराचे मोठे पॅकेट तुकड्यांत निघते आणि मधली फायरवॉल ते तुकडे टाकून देते. तंत्रज्ञ पासवर्ड बदलून बदलून थकतो, आणि दोष पासवर्डात नसतोच.

एसएनएमपीची तिसरी आवृत्ती, २००२ अखेरची, कारण सांगणारी आहे. वापरकर्त्याचे नाव चुकले तर ती तसे कळवते. पण तिने स्वतःचे नवे कोडे आणले. प्रत्येक यंत्राला एक एकमेव इंजिन-क्रमांक लागतो आणि त्या इंजिनाच्या घड्याळात व विचारणाऱ्याच्या हिशेबात १५० सेकंदांहून जास्त फरक पडला तर संदेश नाकारला जातो. एकाच प्रतिमेवरून दहा यंत्रे तयार केली आणि इंजिन-क्रमांकही तसाच उतरला, तर शोधणारे सॉफ्टवेअर दहा घड्याळांना एक समजते. मग यंत्रे आळीपाळीने दिसतात आणि नाहीशी होतात. हे लक्षण ज्याने एकदा ओळखले तो पुढच्या वेळी दहा मिनिटांत मूळ शोधतो. ज्याने ओळखले नाही त्याचा आठवडा जातो.

काही गैरहजेऱ्या एका ठराविक तारखेपासून सुरू होतात. मायक्रोसॉफ्टने डीकॉममधली सुरक्षेची त्रुटी बुजवण्यासाठी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने नियम कडक केले आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या वाटेने जाण्याची सवलत काढून घेतली. दुरून डब्ल्यूएमआयने विंडोज सर्व्हर वाचणारी जी देखरेखीची सॉफ्टवेअर वेळेत सुधारली गेली नव्हती, त्यांना त्या महिन्याच्या अद्ययावतीनंतर चालू सर्व्हर दिसेनासे झाले. मार्च २०२१ मध्ये सुरक्षित संवादाच्या टीएलएस या नियमाच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या अधिकृतपणे निवृत्त झाल्या. नवे सॉफ्टवेअर आता जुन्या नियंत्रकाशी हात मिळवायला तयार नसते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या सर्व्हरला नवी भाषा येत नसते. यंत्र तेच, केबल तीच, पासवर्ड तोच, तरी हजेरी नाही. ‘आपण काहीच बदलले नाही’ हे तंत्रज्ञाचे म्हणणे अशा वेळी खरे असते. बदल त्याच्या हाताबाहेर झालेला असतो.

चुकलेल्या ओळखीचा उगम सॉफ्टवेअरच्या पोटातल्या तक्त्यात असतो. यंत्राने सांगितलेला क्रमांक तक्त्यात असला तर नाव आणि चित्र येते, नसला तर ‘अननोन’. बाजारात काल आलेले मॉडेल गेल्या वर्षीच्या सॉफ्टवेअरला ओळखीचे नसणारच. कधी फर्मवेअर बदलल्यावर यंत्राच्या वर्णनाची शब्दरचना बदलते आणि त्या शब्दांवर बेतलेला नियम लागू पडत नाही. डीएनएसमध्ये उलट्या नोंदी जुन्या राहिल्या तर नव्या प्रिंटरला निवृत्त सर्व्हरचे नाव चिकटते. सॉफ्टवेअरने पत्त्यालाच ओळख मानले असेल, तर डीएचसीपीने काल सर्व्हरला दिलेला पत्ता आज प्रिंटरला मिळताच प्रिंटरचा सारा इतिहास सर्व्हरच्या नावावर जमा होतो.

तिसरा गट मला सर्वांत शिकवणारा वाटतो, कारण तो मूळ प्रश्नावरच बोट ठेवतो: यंत्र म्हणजे नेमके कोणते? चार पोर्ट असलेला राउटर चार पत्त्यांवर चारदा सापडतो. दोन सर्व्हरांच्या क्लस्टरचा तिसरा, फिरता पत्ता तिसऱ्याच यंत्राचा भास देतो. नियंत्रक आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांची सांगड बसली नाही तर एक सर्व्हर दोन होतो. ही सांगड घालायला यूयूआयडी नावाचा १२८ बिटांचा क्रमांक असतो, पण त्यातही खोच आहे. एसएमबायॉसच्या २.६ आवृत्तीपासून त्याचे पहिले तीन भाग उलट्या बाइट-क्रमाने ठेवायचे ठरले. एका वाटेने तो क्रमांक सुलट वाचला आणि दुसऱ्या वाटेने उलट, की एकाच सर्व्हरच्या दोन ओळखी तयार. याच्या नेमके उलटही घडते. काही मदरबोर्डांवर कारखान्यात खरा क्रमांक भरलाच जात नाही आणि ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ हा भरतीचा क्रमांक तसाच राहतो. सिरियल क्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ हे शब्दही तसेच राहतात. अशी वीस यंत्रे सॉफ्टवेअर एकाच नोंदीत गुंडाळते. विसांपैकी एकोणीस यंत्रांची देखरेख होत नाही, आणि यादीत कुठे लाल ठिपकाही नसतो.

चौथा गट भुतांचा. काही फायरवॉल मागच्या सगळ्या पत्त्यांच्या वतीने स्वतःच ‘हजर’ म्हणतात. वर्गात एकाच मुलाने साऱ्या बाकाची हजेरी लावावी तसे. मग रिकाम्या सबनेटमध्ये २५४ यंत्रे ‘सापडतात’. दुसरी भुते गेलेल्या यंत्रांची: भंगारात निघालेला सर्व्हर यादीत वर्षभर ‘संपर्क नाही’ म्हणून लाल राहतो. लाल ठिपक्यांची सवय झालेला माणूस खऱ्या लाल ठिपक्याकडेही बघत नाही. हे नुकसान कुठल्याही टिपणात लिहिलेले नसते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

शोध निरुपद्रवी असतो हा समजही सोडून द्यायला हवा. प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर काहीही पाठवले तरी तो ते छापायला घेतो. म्हणून एनमॅप सेवा ओळखताना ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुळातच वगळतो. डोमेन खात्याचा चुकीचा पासवर्ड घालून शोध चालवला तर तो शंभर दारांवर तोच चुकीचा पासवर्ड टाकत जातो आणि ते खाते काही सेकंदांत कुलूपबंद होते. त्याच खात्यावर रात्रीचा बॅकअप चालत असेल तर तोही बंद. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत तर लॉगिनच्या देवाणघेवाणीतच पासवर्डवरून काढलेला हॅश समोरच्याच्या हाती पडतो, आणि तो घरी नेऊन फोडता येतो. अमेरिकेच्या एनआयएसटीने औद्योगिक नियंत्रणावर काढलेल्या मार्गदर्शिकेत एका प्रसंगाची नोंद आहे: चालू यंत्रणेवर पिंगची फेरी मारली जात असताना नऊ फुटांचा एक यांत्रिक हात अचानक हलला आणि १८० अंशांत फिरला. जवळच्या माणसाला काही झाले नाही, हे नशीब. कारखान्यात शोध चालवण्याआधी ही ओळ प्रत्येकाने वाचावी.

हा विषय आजच का महत्त्वाचा, याची कारणे दोन दिशांनी येतात. एक दिशा सुरक्षेची. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्समधल्या त्रुटीची सूचना निघाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने आपल्या यंत्रांचा धांडोळा घेतला, पण ज्या यंत्रणेत ती त्रुटी होती ती त्यात सापडली नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हल्लेखोर आत होते आणि किमान १४ कोटी ५५ लाख लोकांची माहिती गेली. शोध घेतला गेला नव्हता असे नाही. शोधाचे ‘सापडले नाही’ हे उत्तर ‘नाही’ असे वाचले गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी मी लहान प्रमाणावर जे केले, तेच तिथे फार मोठ्या प्रमाणावर झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या नागरी केंद्रीय खात्यांना दर सात दिवसांनी यंत्रांचा आपोआप शोध घेण्याचा आदेश दिला. आपल्याकडे सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक केले. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत हेच ठाऊक नसेल तर कुणाचे लॉग जपणार आणि सहा तासांत काय सांगणार?

दुसरी दिशा यंत्रांच्या बदललेल्या वागण्याची. आयपीव्ही४ मध्ये ६५,५३४ पत्त्यांचे जाळे एकेक पत्ता घेऊन, प्रत्येक मूक पत्त्याशी एकेक सेकंद तीनदा थांबून तपासले, तर सव्वादोन दिवसांहून जास्त वेळ जातो. घाई केली तर काही यंत्रे भाराने उत्तर देणे थांबवतात आणि तीही गैरहजर लागतात. आयपीव्ही६ मध्ये एका नेहमीच्या सबनेटमध्ये २ चा ६४ वा घात एवढे पत्ते असतात. सेकंदाला दहा लाख पत्ते वाजवले तरी फेरी पूर्ण व्हायला ५ लाख ८० हजारांहून जास्त वर्षे लागतील. दारोदार फिरणाऱ्या पंथाचा मार्ग इथे संपतो. मोबाइल आता प्रत्येक वायफायवर वेगळा, बनवलेला मॅक पत्ता दाखवतात. कंटेनर काही मिनिटे जगून नाहीसे होतात. रात्रीच्या फेरीत जे सापडायचे ते दुपारीच जन्मून गेलेले असते. आणि सुरक्षेचा सल्ला असा की अनोळखी हाकेला यंत्राने ओ देऊ नये. म्हणजे चांगले यंत्र तेच जे गप्प राहते, आणि आपण मात्र हजेरीच्या भरवशावर बसलेलो. हा ताण कुठल्याही नव्या आवृत्तीने सुटणार नाही. तो समजून, पाचही पंथांची उत्तरे एकमेकांशी ताडूनच काम करावे लागेल.

या पुस्तकात प्रत्यक्ष कामावर असणाऱ्या तंत्रज्ञांच्या टिपणवह्यांतले दोष एकत्र केले आहेत. एकेका कंपनीच्या एकेका आवृत्तीची यादी करण्याचा मोह आम्ही टाळला. ती यादी वर्षभरात शिळी होते. लक्षण काय दिसले, आधी कशावर संशय गेला, खरे कारण काय निघाले, ते कसे सिद्ध केले, आणि दुरुस्तीनंतर यादी पुन्हा कशी पडताळली, या क्रमाने प्रत्येक टिपण लिहिले आहे. आधीचा चुकीचा संशय आम्ही गाळलेला नाही. तिथेच शिकणाऱ्याला खरी वाट दिसते, कारण त्याचाही पहिला संशय बहुधा तिथेच जाईल. पुस्तक सलग वाचायची गरज नाही, पण गैरहजेरीचा भाग सर्वांनी आधी वाचावा, अशी विनंती आहे. मौनाची कारणे वेगळी करता आली की बाकीचे बरेच सोपे होते.

मराठीत का, असे काहींनी विचारले. पुण्यात आणि नवी मुंबईत रात्रपाळीला बसून दूरदेशीचे सर्व्हर सांभाळणारी मुले-मुली, तालुक्याच्या पतसंस्थेचा स्विच दुरुस्त करायला मोटारसायकलवर जाणारा मुलगा, जिल्हा रुग्णालयाच्या सर्व्हर रूमची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या ताई, हे सारे फोनवर एकमेकांशी मराठीतच बोलतात. ‘अहो, बॉक्स दिसत नाहीये’, ‘स्कॅन मारला का?’, ‘पिंग मिळतोय पण लॉगिन घेत नाही’. अडचण मराठीत सांगितली जाते आणि तिचे कारण मात्र इंग्रजी टिपणाच्या तळाशी पडून राहते. सर्व्हर, स्विच, सबनेट, डिस्कव्हरी हे शब्द आम्ही जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. ओढूनताणून घडवलेला शब्द रात्री दोन वाजता कुणाच्या उपयोगी पडत नाही. विचार मात्र मराठीतून मांडला आहे.

त्या मार्चनंतर मी एक सवय लावून घेतली आणि वाचकांनीही ती लावावी असे मनापासून वाटते. महिन्यातून एकदा यादीची छापील प्रत आणि पेन घेऊन सर्व्हर रूममध्ये जायचे, रॅकच्या पुढून आणि मागून फिरायचे, प्रत्येक यंत्राला बोट लावून त्याच्या नावापुढे खूण करायची. यादीत आहे पण खोलीत नाही ते एका बाजूला, खोलीत आहे पण यादीत नाही ते दुसऱ्या बाजूला. गेल्या महिन्यात यादीत ५२ नावे होती आणि खोलीत ५४ यंत्रे. ती दोन कोणती हे लावण्यात दुपार गेली. एक यूपीएसचे कार्ड निघाले, त्याची कम्युनिटी स्ट्रिंग कुणी बदललेली होती. दुसरा होता मागच्या रॅकमधला जुना सर्व्हर. त्याच्या एका डिस्कचा दिवा पिवळा होता. संध्याकाळी घरी निघण्याआधी ती डिस्क बदलून झाली होती.